एका द्वाराचे दोन दावेदार

जालना शहराची जुनी तटबंदी केव्हांच ढासळली. पण मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा हीं नांवें अजून लोकांच्या तोंडीं आहेत. आंत येणाऱ्याला वाट ठाऊक असावी आणि पहारेकऱ्याला आपली जागा कळावी, यासाठीं शहराला वेशी असत. आज मी ज्या वेशींविषयीं बोलणार आहें त्या दगडाच्या नव्हेत, संगणकाच्या आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात. ० ते ६५५३५ हे त्यांचे क्रमांक, आणि सर्वसाधारण नियम असा कीं, एका द्वारावर एका वेळीं एकाच सेवेनें बसावें.

हा नियम मोडूं पाहिला म्हणजे काय होतें, तें मीं याच शहरांतील एका शिक्षणसंस्थेंत पाहिलें. तेथें एका मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, सर्व फायली ठेवलेल्या असत. प्रयोगशाळेंतील इतर संगणक त्या आपल्याच असल्याप्रमाणें वापरीत. छपाईची सेवाही त्याच सर्व्हरवर होती. परीक्षेच्या ऐन दिवसांत रात्रीं वीज गेली व पहांटे आली. सर्व्हर सुरू झाला, फायली दिसूं लागल्या, परंतु छपाई होईना. प्रवेशपत्रें छापावयाचीं राहिलेलीं आणि मुलें दाराशीं उभीं! छपाईयंत्र बदललें, तार बदलली, व्यर्थ. अखेर सर्व्हर पुन्हा एकदां बंद करून चालू केला, तों सर्व सुरळीत! चार दिवसांनीं वीज पुन्हा गेली आणि तोच प्रकार पुन्हा घडला. तेव्हां एका गृहस्थांनीं सुचविलें कीं, संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, काढूनच टाकावी.

श्रोतेहो, हा उपाय रोगाहून वाईट होता. कारण भांडण बाहेरच्यांशीं नव्हतें, घरांतल्या घरांत होतें.

फायली वांटून देणारी ही पद्धति ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ या नांवानें ओळखली जाते. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें ती १९८४ सालीं पुढें आणली. तिची मुख्य सेवा २०४९ या द्वारावर बसते. परंतु तिसऱ्या आवृत्तीपर्यंत तिच्यासोबत कांहीं मदतनीस लागत: एक फायलींचें दालन उघडून देणारा, एक कुलुपें सांभाळणारा, एक कोणता संगणक बंद पडून पुन्हा उठला याची नोंद ठेवणारा. या मदतनिसांना ठरलेली जागा नसे. सर्व्हर सुरू होतांना जें द्वार मोकळें दिसेल तें ते पकडीत आणि १११ क्रमांकावर बसलेल्या नोंदणीकाराला कळवीत. जुन्या लिनक्स प्रणालींत ही निवड पुष्कळदां ६०० ते १०२३ यांमधून होई. आणि छपाईसेवेचें ठरलेलें ६३१ हें द्वार नेमकें त्याच पट्ट्यांत येतें. मदतनीस आधीं येऊन ६३१ वर बसला कीं, मागाहून आलेली छपाईसेवा बाहेरच राही. पुढच्या खेपेस त्याला दुसरा क्रमांक मिळे आणि दोष आपोआप गेल्यासारखा वाटे. तो गेलेला नसे, दबा धरून बसलेला असे.

मग शोध कसा करावा? प्रथम नोंदवही, म्हणजे लॉग, वाचावी. ‘पत्ता आधींच वापरांत आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश तेथें असला कीं निदान निम्में झालें. नंतर ‘एसएस’ या आज्ञेनें त्या द्वारावर कोण बसलें आहे तें पाहावें. येथें एक खांच आहे. कुलुपें सांभाळणारी सेवा कर्नेलमध्यें, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांतच चालते. म्हणून तिच्या द्वारासमोर कोणाचेंच नांव दिसत नाहीं. अशा वेळीं ‘आरपीसीइन्फो’ या आज्ञेनें नोंदणीकाराची यादी मागवावी व क्रमांक ताडून पाहावे.

उपाय सोपा आहे: प्रत्येक मदतनिसाला कायमचा क्रमांक नेमून द्यावा. आजच्या लिनक्समध्यें ही सोय ‘एनएफएस’च्या मांडणी-फायलींत असते. दालन उघडणाऱ्या सेवेसाठीं २००४८ हा क्रमांक रूढ आहे. मात्र ३२७६८ ते ६०९९९ हा पट्टा टाळावा. लिनक्स तो बाहेर जाणाऱ्या तात्पुरत्या जोडण्यांसाठीं वापरतें आणि तेथें पुन्हा तोच तंटा उद्भवूं शकतो. फायरवॉल काढूं नये. नेमलेलीं द्वारें तेवढीं, आणि तींही संस्थेच्या अंतर्गत जाळ्यापुरतींच, मोकळीं ठेवावीं. शक्य असेल तेथें चौथी आवृत्ति वापरावी. ती २००० सालीं प्रमाणरूपानें प्रसिद्ध झाली आणि तिचें काम एकट्या २०४९ वर भागतें. शेवटीं सर्व्हर मुद्दाम दोनतीनदां बंद करून चालू करावा. ही परीक्षा रिकाम्या दिवशीं घ्यावी, परीक्षेच्या सकाळीं नव्हे.

त्या संस्थेंत क्रमांक नेमून दिल्यावर वीज अनेकदां गेली, पण छपाई अडली नाहीं. फायरवॉलही जागेवरच राहिली. जो दोष आपोआप बरा होतो, त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. द्वारावर कोण बसलें आहे तें आधीं पाहावें आणि मगच हातोडा उचलावा, एवढेंच आज सांगावयाचें होतें.