विरजण न लागणारें दूध

रात्रीं दुधाला विरजण लावावें आणि सकाळीं पाहावें तों दूध जसेंच्या तसें, हा अनुभव पुष्कळ घरांत आला असेल. गृहिणी दोष देते थंडीला अथवा विरजणाला, आणि बहुधा तिचें खरेंही असतें. परंतु कधीं कधीं कारण दुधांतच असतें. गाईम्हशीला टोचलेल्या पेनिसिलीनसारख्या प्रतिजैविक औषधाचा अंश दुधांत उतरला, तर दहीं बनविणारे उपकारक जंतुही त्यांत वाढत नाहींत; औषध आपला-परका जाणत नाहीं. दूध उकळल्यानेंही हा अंश बहुतांशीं नाहींसा होत नाहीं.

मग असें दूध घरांत येतेंच कसें? परभणी जिल्ह्यांतील एखाद्या शेतकऱ्याचा गोठा डोळ्यांपुढें आणा. एक लाल कंधारी गाय, एक म्हैस, आणि पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल थेट कासेपर्यंत. सडाच्या छिद्रांतून जंतु आंत शिरतात, कास सुजते, दगडासारखी कठीण होते. म्हणून या रोगाला खेड्यांत ‘दगडी’ म्हणतात. मग सुई टोचावी लागते. औषध दिल्यानंतर दूध वा मांस किती दिवस वर्ज्य करावें तें वेष्टनावर छापावें, आणि ती मुदत निश्चित झालेली नसल्यास दूध व अंडीं यांसाठीं निदान ७ दिवस व मांसासाठीं २८ दिवस धरावी, असा नियम आपल्या देशांत २०१२ पासून आहे. नियम सोपा, पाळणें कठीण. ज्या घराचा मीठमिरचीचा खर्च त्या दुधावर चालतो, त्यानें तें सात दिवस ओतून द्यावें, हें शहरांत बसून सांगणें मला अवघड वाटतें. (तें वासराला पाजणेंही बरें नव्हे, त्याच्या पोटांतील जंतु औषधाला सरावतात.)

म्हणून रोग होऊं न देणें हाच त्या शेतकऱ्याला परवडणारा उपाय. धार काढण्यापूर्वीं हात धुवावे, कास धुऊन कोरडी पुसावी. आजारी जनावराची धार सर्वांच्या शेवटीं काढावी. धारेनंतर सड आयोडिनच्या सौम्य द्रावणांत बुडवावे आणि लगेच पुढें वैरण टाकावी. वैरणीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण धारेनंतर सडाचें तोंड सुमारें अर्धा तास उघडें राहतें, आणि वैरण खात उभी राहिलेली गाय चिखलांत बसत नाहीं. पावसाळ्याआधीं घटसर्प व फऱ्या यांची लस टोचून घेतली, तर पुढचीं औषधें वांचतात. लाळ-खुरकूत किंवा २०२२ सालीं महाराष्ट्रांत पसरलेला लंपी हे तर विषाणूंचे रोग. त्यांवर प्रतिजैविकें मुळींच चालत नाहींत, जखमा चिघळल्या तर गोष्ट निराळी. परभणींत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुधाचा नमुना प्रयोगशाळेंत तपासला, तर कोणतें औषध लागू पडेल हें कळतें; सुई अंदाजानें मारावी लागत नाहीं.

कोंबड्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथें निरोगी पक्षी लवकर भरावा एवढ्यासाठीं खाद्यांत औषध मिसळण्याची युक्ति १९५० च्या सुमारास अमेरिकेंत निघाली. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतु त्याला दाद देईनासे होतात, असा इशारा पेनिसिलीनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच दिला होता. येथें तर तसली अपुरी मात्रा रोजच्या खाण्यांतच होती. स्वीडननें १९८६ सालीं आणि युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून ही युक्ति बंद केली. आपल्याकडे जुलै २०१९ मध्यें कोलिस्टिन हें औषध खाद्यासाठीं पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यास मनाई झाली. इस्पितळांत इतर औषधें हरलीं म्हणजे अत्यवस्थ रोग्यासाठीं हेंच हातीं उरतें. आणि त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतो, हें २०१५ सालीं चीनमध्यें डुकरांत व मांसांत सांपडलेल्या जंतूंवरून दिसून आलें होतें.

उद्यां तुमच्या दूधवाल्यानें ‘गाईला सुई दिली आहे, आठवडाभर दूध येणार नाहीं’ असें सांगितलें, तर रतीब तोडूं नका. त्या आठवड्याचे पैसे द्यावे कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. माझ्या मतें निम्मे तरी द्यावे.