मुक्या रातकिड्यांचे बेट

पावसाळी रात्री रातकिडे एकदम गप्प झाले की अम्मी उठून बसायची. म्हणायची, "अंगणात कुणीतरी आलंय." हवाई द्वीपसमूहातील कवाई बेटाची हकीकत वाचली आणि मला अम्मी आठवली.

रातकिड्यांत गातो तो नर. एका पंखावरची दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून तो मादीला साद घालतो. पण त्या बेटावर बाहेरून आलेली एक माशीही ती साद ऐकते. आवाजाच्या रोखाने येऊन ती नरावर जिवंत अळ्या सोडते. अळ्या त्याच्या शरीरात शिरतात, आठवडाभर आतून पोसतात आणि बाहेर पडतात, तेव्हा रातकिडा मरतो.

मार्लीन झूक या शास्त्रज्ञ 1991 पासून तिथे जात होत्या. दरवर्षी आवाज विरळ होत गेला. 2001 साली त्यांना एकच गाणारा नर ऐकू आला. रातकिडे संपले, असेच कुणालाही वाटले असते. 2003 साली मात्र गवतात रातकिडेच रातकिडे! नव्वद टक्क्यांहून अधिक नर मुके. त्यांच्या पंखांवर गाण्याची ती रचनाच उरली नव्हती.

एकदा आमच्या गावात वातावरण तापले होते, तेव्हा मी कविसंमेलनाचे निमंत्रण परत केले. गप्प राहण्याचा तो निर्णय माझा होता. रातकिड्याने असे काहीच ठरवले नाही. एका जनुकातील बदलामुळे काही नर सपाट पंखांचे जन्मले. माशीला ते सापडले नाहीत, म्हणून जगले आणि त्यांची प्रजा वाढली. गाणारे मारले गेले. वीसहून कमी पिढ्यांत बेटाचा आवाज बदलला. परजीवी असा चाळणीचे काम करतो. पुढे शेजारच्या ओआहू बेटावरही मुके नर आढळले. तिथला जनुकीय बदल वेगळा, स्वतंत्रपणे घडलेला होता.

मग मुक्यांना मादी भेटते कशी? उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराजवळ ते गोळा होतात आणि त्याच्या सादेने आलेल्या मादीला वाटेत गाठतात. म्हणजे मुक्यांचा वंशही कुणाच्या तरी गाण्यावरच चालतो. आणि ते गाणे माशीही ऐकत असते.