शाळेपुढचा कर्दळीचा वाफा

भोर-वेल्ह्याच्या मावळात पावसाला तोटा नाही. तरी शाळेपुढची फुलझाडं पुष्कळ ठिकाणी वर्षभरही टिकत नाहीत. आषाढात चिखलानं शेवंतीची मुळं कुजतात. त्यातून जे वाचतं, ते मे महिन्याच्या सुट्टीत वाळतं. प्यायचं पाणीच जिथं लांबून आणायचं, तिथं झाडांना कुठलं?

अशा जागी कर्दळ लावावी. ती ओल सोसते आणि उन्हाळाही काढते, कारण तिचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. वरची पानं वाळली तरी पहिल्या पावसानं ती पुन्हा फुटते.

जागा उन्हाची निवडा. वळवाचा पाऊस झाला की जमीन वीतभर खणून कुजलेलं शेणखत मिसळा. वाफा थोडा उंच करून कडेनं दगड लावा, नाहीतर माती वाहून कंद उघडे पडतील. मृग लागला, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, कंद लावा. प्रत्येक तुकड्यावर २-३ डोळे असावेत. खोली ४ बोटं, अंतर दीड ते दोन फूट. मुळं धरेपर्यंत मात्र पाणी तुंबू देऊ नका. ताजा कापलेला तुकडा कुजतो.

पुढं काम थोडंच. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापावा. पान गुंडाळलेलं दिसलं तर आत अळी असते. ती हातानं वेचून मारावी. पानांवर पिवळे पट्टे आले तर तो बहुधा विषाणूचा रोग. तो गड्डा मुळासकट काढून जाळावा, त्याचा कंद कुणाला देऊ नये. सुट्टीपूर्वी वाफ्यावर भाताचा पेंढा पसरून वर काटे टाकावेत, म्हणजे गुरं शिवणार नाहीत. दर ३ वर्षांनी दाटी झालेले कंद काढून वाटून लावावेत.

गुरुजी, एक फूल मुलांना उलगडून दाखवा. डोळ्यांत भरतात त्या रंगीत पाकळ्या खरं तर रूप पालटलेले पुंकेसर आहेत! खऱ्या पाकळ्या ३च, अरुंद नि खाली दडलेल्या.

आणि एक बजावून सांगा. कुंपणात उगवणाऱ्या कळलावीचं फूल देखणं, पण तिचा कंद जहाल विषारी. तो कुणी कर्दळीचा समजून उकरू नये.

कंद वाटताना प्रत्येक मुलाला एक तुकडा घरी न्यायला द्या. मोरीच्या सांडपाण्यावर तो छान वाढेल. डबकं हटेल आणि दारात फुलंही येतील.