तीन न्यूट्रॉनांचा फरक

शुद्ध युरेनियमचे दोन निरनिराळे नमुने रसायनज्ञाच्या हाती दिले, तर दोन्ही एकच, असा निर्वाळा तो देईल. तरीही त्यांपैकी एकाने ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा शहर जाळले. दुसऱ्याच्याने ते झाले नसते. हा भेद कोठे दडला आहे, एवढेच आपण येथे पाहणार आहोत.

अणूच्या गाभ्याला, म्हणजे केंद्रकात, धन विद्युत्‌भाराचे प्रोटॉन आणि भाररहित न्यूट्रॉन असतात. मूलद्रव्याचे नाव प्रोटॉन ठरवतात. ६ प्रोटॉन म्हणजे कार्बन, ९२ म्हणजे युरेनियम. यास अपवाद नाही. कारण जितके प्रोटॉन तितकेच भोवती इलेक्ट्रॉन, आणि रासायनिक देवघेव सारी इलेक्ट्रॉनांची. न्यूट्रॉन कमीअधिक झाले तरी नाव बदलत नाही. अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात.

युरेनियमच्या एका भावंडात १४३ न्यूट्रॉन, दुसऱ्यात १४६. त्यांत प्रोटॉन मिळवले की २३५ आणि २३८ हे आकडे येतात. केंद्रकात न्यूट्रॉनांना जोडीने राहणे मानवते. १४३ मध्ये एक एकटा उरतो. बाहेरून संथ न्यूट्रॉन आला की जोडी पुरी होते आणि त्या वेळी सुटणाऱ्या ऊर्जेने केंद्रक दुभंगते. १४६ च्या जोड्या आधीच जुळलेल्या. तेथे ऊर्जा अपुरी पडते आणि पाहुणा बहुधा गिळला जातो.

अडचण अशी, की खाणीतल्या हजार अणूंत २३५ चे अवघे सात. रसायनाने ते निवडता येत नाहीत. वजनातल्या शेकडा सव्वाच्या फरकावर, वायुरूपात, पुन्हापुन्हा वेगळे करावे लागतात. १९६९ साली तारापूरला सुरू झालेल्या अणुभट्ट्यांना २३५ चे प्रमाण वाढवलेले युरेनियम लागते. ते परदेशातून आणावे लागले आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यावरून वाद झाला. राजस्थानात रावतभाट्याला नैसर्गिक युरेनियमच चालते, कारण तेथे जड पाणी वापरतात. त्यातील हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन अधिक असतो. ते न्यूट्रॉनांना संथ करते, पण फारसे गिळत नाही. म्हणून हजारातले सातही पुरतात.

तेव्हा युरेनियमची बातमी वाचून एकदम घाबरू नये, आणि निर्धास्तही राहू नये. २३५ किती, हे आधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे.