तुरमय राजा आणि आपला किनारा

पनवेलहून बोरघाट चढून कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलं की बहुतेकांची नजर खांबांवरच्या हत्तींवर खिळते. मी दरवेळी आधी छताकडे बघतो. दगडी कमानीला बसवलेल्या सागवानी फासळ्या दोन हजार वर्षं तिथेच आहेत. मग खांबांवरचे ब्राह्मी लेख. त्यातले कित्येक दाते स्वतःला 'यवन', म्हणजे ग्रीक, म्हणवतात, धेनुकाकटचे यवन. ही माणसं घाटमाथ्यावर कशी पोचली, याचा माग काढता काढता मी एका फेरोपाशी येऊन थांबलो.

टॉलेमी दुसरा, फिलाडेल्फस. घराणं मॅसेडोनियन, पण इजिप्तच्या देवळांत त्याचं नाव जुन्या फेरोंच्या रिवाजाप्रमाणे लंबगोल चौकटीत कोरलेलं. इ.स.पू. २४६मध्ये मरेपर्यंत त्याने जवळजवळ चार दशकं राज्य केलं. अलेक्झांड्रियाचं दीपगृह त्याच्या काळात पुरं झालं, तिथलं ग्रंथालय भरभराटीला आलं. मला मात्र त्याची एक गरज जास्त महत्त्वाची वाटते: हत्ती.

चंद्रगुप्त मौर्याने दिलेले ५०० हत्ती प्रतिस्पर्धी घराण्याच्या सेल्युकसकडे गेले होते आणि भारताकडची खुष्कीची वाटही त्याच्याच घराण्याच्या हातात होती. म्हणून टॉलेमीने आफ्रिकेतले हत्ती धरून आणायचं ठरवलं. ते उतरवायला तांबड्या समुद्राच्या काठी, इ.स.पू. २७५च्या सुमारास, बंदर वसवलं आणि त्याला आईचं नाव दिलं, बेरेनिकी. हत्ती हाकायची विद्या मात्र आपल्याकडची. ग्रीक भाषेत माहुताला शब्दच पडला 'इंडोस', म्हणजे भारतीय.

पुढे त्याच्याच वंशातल्या आठव्या टॉलेमीच्या काळात एक भारतीय खलाशी तांबड्या समुद्राच्या पहारेकऱ्यांना सापडला. जहाजावरचे सोबती उपासमारीने गेलेले, हा एकटा अर्धमेला. त्याला दरबारात नेलं, ग्रीक शिकवलं. मग त्याने भारताची वाट दाखवायचं कबूल केलं आणि इ.स.पू. ११८च्या सुमारास युडॉक्सस नावाचा ग्रीक दर्यावर्दी त्याला घेऊन निघाला. मसाले, रत्नं घेऊन जहाज परतलं. भूगोलकार स्ट्रॅबोने हे सगळं नोंदवलं, युडॉक्ससचं नाव अमर झालं. त्या खलाशाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. याचं मला मनापासून दुःख होतं.

त्यानंतर रहदारी वाढतच गेली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल अशी आपली बंदरं ओळीने येतात. पैठणचे गोमेद आणि तेरचं कापड गाड्यांवरून भडोचला जाई, हेही त्यात आहे. हे वाचताना मला पनवेलची चाकं आठवतात. देशावरचा गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जातो, असं इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने लिहून ठेवलंय. पेरिप्लसच्या वेळी कल्याणला मात्र ग्रीक जहाज लागलं तर ते पहाऱ्यात भडोचला नेत. तिथली सत्ता बदलली होती.

बेरेनिकीत १९९४पासून खोदकाम चालू आहे. सेरापिसच्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. भिंतींत सागवान निघालं, बहुधा मोडीत काढलेल्या जहाजांचं. २०२२मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. आणि सातवाहनांची दोन नाणी! ज्या राजवटीत कार्ल्याला दानं दिली गेली, तिची नाणी त्या फेरोने वसवलेल्या बंदरात.

त्याचं नावही इकडे पोचलं होतं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजे आहेत आणि त्यांत 'तुरमय' म्हणजे हाच टॉलेमी. कलिंगातल्या धौली आणि जौगडला हा लेख वगळला, कारण त्यात कलिंगच्या संहाराची कबुली होती. सोपाऱ्याला तो वगळायचं कारण मला दिसत नाही. तिथे आठव्या लेखाचा तुकडा १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६मध्ये भुईगावात. तेरावा अजून हाती लागलेला नाही. वसईकडे गेलो की जुन्या विहिरींचे काठ, घरांची जोती, पाण्याच्या पायऱ्या यांच्यावरून माझी नजर फिरत राहते. एखाद्या पालथ्या दगडावर ती चार अक्षरं असतील म्हणून.