यंत्र म्हणतं, मीठ कमी

पावसाळा सरला की अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या बंगल्यांचे स्विमिंग पूल पुन्हा चालू होतात आणि पूलवाल्यांचे फोन वाजू लागतात. काही पुलांत क्लोरीनची पावडर टाकत नाहीत. पाण्यातल्या मिठापासून जागच्या जागी क्लोरीन बनवणारं यंत्र बसवलेलं असतं. तिथली तक्रार ठरलेली असते: पॅनेलवर ‘लो सॉल्ट’ दिसतंय आणि पाणी हिरवट झालंय.

अशाच एका पंपघरात मेकॅनिकचं काम पाहत होतो. केअरटेकर काकांनी मिठाच्या गोण्या आणूनच ठेवल्या होत्या. “पूल भरून वाहिला साहेब, मीठ जाणारच की!”

तर्क चुकीचा नव्हता. उन्हाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. ते घटतं पाणी वाहून गेल्यावर. तरी मेकॅनिकने गोणी फोडू दिली नाही. “काका, आधी मोजू. टाकलेलं मीठ काढायचं तर पाणीच उपसावं लागतं.”

पॅनेल लिटरला २.४ ग्रॅम मीठ दाखवत होतं. हातातल्या वेगळ्या मीटरवर आकडा आला ३.२, म्हणजे हवं तेवढं; समुद्राच्या पाण्याच्या जेमतेम एक दशांश. पूल ६०,००० लिटरचा. पॅनेलवर विश्वास ठेवला असता तर ४८ किलो मीठ विनाकारण पाण्यात गेलं असतं.

ही तफावत कशी पडते? अशी बरीच यंत्रं मीठ थेट मोजत नाहीत. क्लोरीन बनवणाऱ्या भागातल्या, म्हणजे सेलमधल्या, पट्ट्यांतून किती करंट जातो ते पाहून मिठाचा अंदाज बांधतात. पट्ट्या थकल्या की करंट घटतो आणि यंत्र खापर मिठावर फोडतं. थंड पाण्यातही करंट कमी होतो, पण कोकणातल्या ऑक्टोबरमध्ये ती शंका घ्यायला जागा नव्हती.

पट्ट्या टायटॅनियमच्या असतात. खरं काम करतो त्यांच्यावरचा रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. हेन्री बीअर यांनी १९६०च्या दशकात असे लेप शोधले आणि मिठापासून क्लोरीन काढण्याचा सगळा उद्योग बदलला. लेप गेला की उघड्या टायटॅनियमवर वीज अडवणारी साय धरते आणि क्लोरीन बंद होतो.

पण निकाल देण्याआधी सेल स्वच्छ हवा. मेकॅनिकने तो काढून उजेडात धरला. पट्ट्यांच्या फटींत पांढरी खर बसली होती. इथे बोअरचं जड पाणी. त्यात सेल चालताना ऋण पट्टीजवळ अल्कली तयार होते आणि कॅल्शियम तिथेच चिकटतं. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड; उलट कधीच नाही. सेल बुडवताच फसफस सुरू झाली. ती थांबताच त्याने सेल बाहेर काढून धुतला. खर निघून गेल्यावरही ॲसिडमध्ये ठेवलं तर लेपच झिजतो. खरडायला स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच.

सेल परत बसवला. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या नव्हत्या. कंट्रोल बॉक्समधून सेलपर्यंत व्होल्टेज नीट पोचत होतं, म्हणजे फ्यूज, रिले, रेक्टिफायर सगळे शाबूत. क्लॅम्प मीटर लावला. खर साठू नये म्हणून यंत्र काही तासांनी विजेची दिशा उलटवतं. एका दिशेला करंट ठीक होता, दुसऱ्या दिशेला निम्म्यावर आला. एका बाजूच्या पट्ट्यांचा लेप संपला होता.

मालकांचा फोनवर प्रश्न आला, “मग नवीनच यंत्र घेऊन टाकू?” मेकॅनिकने नाही म्हटलं. बॉक्स दुरुस्त होऊ शकतो. रिले किंवा फ्यूज बाजारात मिळतो. सेल मात्र गाडीच्या टायरसारखा, झिजण्यासाठीच असतो. कारखान्यातल्या मोठ्या ॲनोडवर पुन्हा लेप चढवतात, पण एवढ्याशा सेलसाठी तो खटाटोप सहसा परवडत नाही. हाच सेल चांगला आणि बॉक्स जळालेला असता, तर बोर्ड दुरुस्त करून भागलं असतं. दोन्ही जुने झाले असते आणि त्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे झाले असते, तर पूर्ण यंत्र बदलणंच शहाणपणाचं ठरलं असतं. इथे बॉक्स धडधाकट होता, म्हणून फक्त सेल बदलायचा. तो येईपर्यंत पावडर टाकून भागवायचं.

मग त्याने काकांना विचारलं, यंत्र किती टक्क्यांवर चालवता? “शंभरवर. कायम.” सेल लवकर संपण्याचं कारण तिथे होतं. पाण्यात स्टॅबिलायझर नव्हतं, त्यामुळे बनलेला क्लोरीन उन्हात उडत होता आणि तो भरून काढायला यंत्र दिवसभर राबत होतं. पीएच चढलेला, म्हणून खर जास्त. खर जास्त, म्हणून ॲसिडच्या फेऱ्या जास्त. नव्या सेलच्या ऑर्डरखाली त्याने आणखी तीन ओळी लिहिल्या: बॉक्सला चालत असेल तर एक माप मोठा सेल, स्टॅबिलायझर, आणि दर आठवड्याला पीएच ७.२ ते ७.६. या तीन ओळी पाळल्या नाहीत तर नवा सेलही जुन्याच्याच वाटेने जाणार होता.