इपॉक्सी आसंजके आणि वैनगंगाकाठचा उन्हाळा

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात हवेचे तापमान ४५° सें.च्या आसपास जाते. हे माप सावलीतील होय. उन्हात तापलेल्या पोलादी पट्टीचे तापमान ६०° सें. सहज ओलांडू शकते. जुन्या पुलाच्या तुळईस अशी पट्टी इपॉक्सीने चिकटवून बळकटी द्यावयाची झाल्यास, प्रयोगशाळेत २३ ते २७° सें.ला मोजलेल्या बळावर कितपत विसंबावे, याचा विचार अगत्याचा ठरतो.

पक्व इपॉक्सी ही परस्परांस बांधलेल्या रेणुशृंखलांची जाळी असते. काच-संक्रमण तापमानाखाली या शृंखलांची हालचाल जवळजवळ गोठलेली असते व स्थितिस्थापकता गुणांक काही हजार मेगॅपास्कल असतो. त्या तापमानापलीकडे पदार्थ वितळत नाही, परंतु रबरासारखा होतो आणि गुणांक काही दशके मेगॅपास्कलवर येतो. हे स्थित्यंतर एका बिंदूवर न घडता अनेक अंशांच्या पट्ट्यात घडते. म्हणून ऱ्हासाची सुरुवात अगोदरच होते.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. थंड असता ठिसूळ असणारे आसंजक किंचित मऊ झाले, की सांध्याच्या टोकांशी एकवटलेले कर्तन-प्रतिबल अधिक समप्रमाणात वाटले जाते. त्यामुळे अल्पकालीन चाचणीत सांधा प्रसंगी अधिक बळकट भासतो. तथापि सतत भाराखाली तोच मऊपणा विसर्पणास, म्हणजे मंद सरकण्यास, कारणीभूत होतो. बॉस्टन येथील बोगद्यात १० जुलै २००६ रोजी छताचे काँक्रीट फलक कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. तेथे इपॉक्सीत बसविलेले खिळे सततच्या ओढीने हळूहळू सुटले होते. त्या अपघाताचे कारण उष्णता नव्हे. परंतु उष्णतेने विसर्पण वेगावते, हे निश्चित.

नेहमीच्या हवेत पक्व होणाऱ्या इपॉक्सीचे काच-संक्रमण तापमान बहुधा ४५ ते ६५° सें. असते. ते पक्वतेच्या तापमानाहून फारसे वर जात नाही, कारण पदार्थ काचसदृश होताच रासायनिक क्रिया मंदावते. साहजिकच डिसेंबरात केलेला सांधा, मागाहून उष्णता न दिल्यास, मे महिन्यात उणा पडण्याचा संभव असतो. उलट मे महिन्यात मिश्रण लावण्यापूर्वीच घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात शोषलेले पाणी हे तापमान आणखी खाली आणते.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणास पडलेल्या भेगा इपॉक्सीने भरण्यात आल्या. धरणाच्या पोटात ऋतुमानाचा चढउतार अल्प असतो. उघड्या पट्टीस ते संरक्षण नाही. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची तंतुप्रबलित पट्ट्यांविषयीची मार्गदर्शिका वापराचे तापमान काच-संक्रमण तापमानाहून निदान १५ अंश कमी असावे, असे सुचविते. या हिशेबाने ६०° सें. तापणाऱ्या पट्टीस ७५° सें.चे आसंजक हवे. ते न मिळाल्यास उष्णतेने पक्व करणे, पांढरा रंग वा सावली देणे आणि सांध्यास बोल्टांची जोड देणे, हेच मार्ग उरतात.